तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पैसे देऊ नका गद घ्यावा’

“मॅडम, सासऱ्यांच्या रिपोर्टात एसएफ३बी१ पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे नेमकं बिघडलंय काय? आणि याचाच पुढे ब्लड कॅन्सर होतो का?”

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. ही जनुकांची नावं. कधी एसएफ३बी१च्या जागी एसआरएसएफ२ असतं, कधी यू२एएफ१. मी रक्ताच्या आणि बोनमॅरोच्या काचा बघणारी पॅथॉलॉजिस्ट. आमची पेशंटशी गाठ सहसा पडत नाही. पण रिपोर्टाखाली सही असते आणि सहीवरून नंबर शोधून काढणारे नातेवाईक महाराष्ट्रात कमी नाहीत. बरीच वर्षं मी “तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टना विचारा” असं म्हणून सुटका करून घेत असे. मग एका सूनबाईंनी मला धरलंच. म्हणाल्या, “त्यांना विचारलं. ते म्हणाले, जीनमध्ये चूक आहे. एवढं कळलं. पण जीनमध्ये चूक म्हणजे हिमोग्लोबिन सात कसं? मधलं कुणी सांगतच नाही.”

प्रश्न रास्त होता, तेव्हा हे मधलं.

त्यांचे सासरे एकाहत्तर वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. दोन मजले चढले की धाप लागायची, चेहरा पिवळट दिसायचा. एका दवाखान्यात हिमोग्लोबिन कमी दिसलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्ष-दीड वर्ष त्या चालल्या. हिमोग्लोबिन वाढेना, तेव्हा गोळ्यांचा ब्रँड बदलला. घरी बीट, खजूर, गूळ, लोखंडी कढईतली भाजी, सगळे उपाय झाले. कुणी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं नाही, आणि तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत हे सीबीसीत स्पष्ट छापलेलं असूनही त्याकडे कुणी पाहिलं नाही. लोह कमी पडतं तेव्हा पेशी लहान होतात. यांच्या मोठ्या होत्या.

शेवटी बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मज्जेची, तपासणी झाली आणि काच माझ्याकडे आली. अशा काचेवर आम्ही एक जुना रंग चढवतो, पर्ल्सचा. रीत १८६७ सालची. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सारख्या प्रमाणात ताजं मिसळायचं आणि त्यात काच बुडवायची. जिथे लोह आहे तिथे नीळ उमटते. अगदी आपल्या पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीसारखी. केंद्रकाला मागाहून गुलाबी रंग देतात. मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघायचं.

तांबड्या पेशी तयार होण्याआधीच्या, केंद्रक असलेल्या पेशींत एखाद-दुसरा निळा ठिपका असला तर काही बिघडत नाही. यांच्या काचेवर गुलाबी केंद्रकाभोवती निळ्या मण्यांची माळच बसलेली होती. नियम असा की पाच तरी मणी हवेत आणि केंद्रकाचा एक तृतीयांश तरी घेर त्यांनी व्यापलेला हवा. तेव्हा त्या पेशीला रिंग सिडरोब्लास्ट म्हणायचं. मी शंभर पेशी मोजायला बसले. निम्म्याहून जास्त पेशींना कडी होती. म्हणजे ज्या माणसाला दीड वर्ष लोह पाजलं त्याच्या मज्जेत लोहाचा ढीग पडला होता. माल गोदामात शिगोशीग आणि दुकान रिकामं.

मी एमडी करत होते तेव्हा या आजाराच्या कारणापुढे पुस्तकात ‘अज्ञात’ असं लिहिलेलं असायचं. नाव मायलोडिस्प्लासिया, एमडीएस. मज्जा पेशी बनवते, पण बेढब बनवते. त्यांतल्या बऱ्याच बाहेर पडण्याआधी आतच मरतात. कडी दिसली की एक उपप्रकार लिहायचा, न दिसली की दुसरा. कडी का पडते हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि परीक्षेत कुणी विचारतही नसे.

२०११ साली चित्र बदललं. जपानमध्ये सेइशी ओगावा यांच्या गटाने एमडीएस आणि तशाच आजारांच्या २९ पेशंटांच्या जनुकांचा, प्रथिनं घडवणारा सगळा भाग अक्षर न् अक्षर वाचला. त्यांना जी नावं परत परत सापडली ती कॅन्सरच्या नेहमीच्या यादीतली नव्हती. ती आरएनएची काटछाट करणाऱ्या यंत्रातली होती. त्याच वर्षी इंग्लंडमधून एली पापाएमॅन्युइल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कडी असलेल्या एमडीएसमध्ये बहुसंख्य पेशंटांना एसएफ३बी१ या एकाच जनुकात बदल असतो. आज आपल्याला माहीत आहे की एमडीएसच्या निम्म्याहून अधिक पेशंटांत या काटछाट-यंत्राचा कुठला तरी भाग बिघडलेला असतो. ते निबंध मी प्रिंट काढून बसमध्ये वाचले होते. ही काटछाट म्हणजे शाळेतल्या जीवशास्त्राचा एक कंटाळवाणा परिच्छेद, असंच मी तोवर धरून चालले होते.

तो परिच्छेद आता जरा नीट सांगते.

माझे आजोबा मोडी वाचायचे. जमिनीच्या वादातले जुने कागद घेऊन गावोगावचे लोक आमच्या ओसरीवर येत. मोडीत आधी ओळभर लांब रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं लावत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. नातवंडांना शिकवायला आजोबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पाटीवर लिहायचे: ‘पैसेदेऊनकागदघ्यावा’. आम्ही वाचायचो, पैसे देऊन कागद घ्यावा. आजोबा म्हणायचे, “आणि एक अक्षर अलीकडे तोडलंस तर?” तर होतं: ‘पैसे देऊ नका गद घ्यावा’. अर्थ बरोब्बर उलटा, आणि पुढचा ‘गद’ हा रोजच्या मराठीत शब्दच नाही. सगळी अक्षरं तीच, जागच्या जागी. चूक फक्त तोडण्यात.

आता असं समजा की त्या कागदात कामाच्या मजकुराच्या मधेमधे पानंच्या पानं असंबद्ध मजकूर घुसवलाय, त्याच हस्ताक्षरात, त्याच रेघेखाली. आपली जनुकं तशीच लिहिलेली आहेत. डीएनएची नक्कल म्हणून आरएनए निघतो, त्यात हा सगळा फापटपसारा येतो. प्रथिन बनवण्याआधी पसारा कापून टाकायचा आणि कामाचे तुकडे सांधायचे, याला स्प्लायसिंग म्हणतात. ठेवायचा तुकडा म्हणजे एक्सॉन, गाळायचा तो इंट्रॉन. जनुक असं तुकड्यातुकड्यांत असतं हे १९७७ साली सर्दीच्या एका विषाणूवर काम करताना कळलं, आणि १९९३चं नोबेल त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना मिळालं. रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेच्या बाजूने जी चित्रं निर्णायक ठरली, ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लुईझ चाऊ यांनी मिळवली होती. त्यांचं नाव पुरस्कारात नाही. मायक्रोस्कोपवर पोट भरणारी बाई म्हणून मला हे दर वेळी टोचतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

ही काटछाट एक कात्री करत नाही, आख्खी कचेरी करते. पाच छोटे आरएनए आणि शंभरावर प्रथिनं एकत्र येऊन स्प्लायसोसोम नावाचं यंत्र उभं राहतं. इंट्रॉन ओळखायला खुणा आहेत, पण तुटपुंज्या. त्याच्या सुरुवातीला जवळजवळ नेहमी जी-यू ही दोन अक्षरं, शेवटी ए-जी. आता चार अक्षरांच्या भाषेत ए-जी ही जोडी पावलोपावली येणार. त्यातली खरी कुठली? म्हणून शेवटाच्या थोडं अलीकडे आणखी एक खूण असते, एक ठरावीक ‘ए’. आधी ती धरायची आणि मग पुढची योग्य ए-जी गाठायची. हा ‘ए’ धरून बसणाऱ्या मंडळींत एसएफ३बी१ आहे. शेवटची ए-जी वाचणारा यू२एएफ१. ठेवायच्या मजकुरातल्या जणू अधोरेखित जागा ओळखून ‘हे गाळू नका’ म्हणणारा एसआरएसएफ२. चौथा झेडआरएसआर२, याच्याकडे वेगळ्याच खुणांचे, अगदी थोडे, शेकड्याला एकही न भरणारे इंट्रॉन सोपवलेले आहेत. एमडीएसमध्ये मुख्यतः हे चौघे बिघडतात.

एसएफ३बी१मधला सगळ्यात जास्त दिसणारा बदल के७००ई. त्या प्रथिनाच्या सातशेव्या जागी लायसिन हा घटक हवा, तिथे ग्लुटॅमिक आम्ल येतं. डीएनएत एका अक्षराचा फरक. इथे नातेवाईक लगेच म्हणतात, “म्हणजे ‘ध’चा ‘मा’!” आपल्याला १७७३ची ती आख्यायिका पाठच असते. कागदावर ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ झालं आणि नारायणराव पेशवे गेले. पण उपमा इथे अर्धीच लागू पडते. ‘ध’चा ‘मा’ हा एका पत्रातला बदल होता. इथे पत्रं सगळी शुद्ध आहेत. बदल झालाय तो पत्रं वाचणाऱ्या कारकुनाच्या चष्म्यात. आणि त्याच्या हाताखालून दफ्तरातला प्रत्येक कागद जातो.

खऱ्या अर्थाने ‘ध’चा ‘मा’ बघायचा असेल तर थॅलेसेमिया बघा. बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर जी हवं, तिथे सी. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच. तोही स्प्लायसिंगचाच बिघाड, पण एकाच पत्रातला, आणि आईवडिलांकडून आलेला. म्हणून लग्नाआधी किंवा गरोदरपणात त्याची तपासणी करतात. एसएफ३बी१चा बदल तसा वारशाने येत नाही. मज्जेतल्या मूळ पेशी वयाबरोबर दर वर्षाला साधारण १७ नवे बदल साठवतात, तुमच्याही आणि माझ्याही. बहुतेक कुठल्या तरी निरुपद्रवी कोपऱ्यात पडतात. सत्तरीपर्यंत हजाराच्या वर होतात. एखादा नको तिथे पडतो. “आम्ही काय खायला चुकलो?” असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं, आणि “मुलांना होईल का?” असं विचारणाऱ्यांनाही.

तर चष्मा बदललेला एसएफ३बी१ करतो काय? खरी ए-जी सोडून तो अलीकडची, दहा ते तीस अक्षरं आधी आलेली दुसरीच एक ए-जी पकडतो. म्हणजे गाळायच्या मजकुराचं शेपूट आत राहतं. प्रथिन बनवताना अक्षरं तीन-तीनच्या घासाने वाचली जातात, त्यामुळे जादा अक्षरांना तीनने भाग गेला नाही की पुढचा सगळा मजकूर ‘गद घ्यावा’ होतो. लवकरच भलत्या जागी पूर्णविराम येतो. पेशीकडे अशा बिघडलेल्या नकला शोधून नष्ट करणारं खातं आहे, ते हा आरएनए फाडून टाकतं. एसएफ३बी१च्या चुकांपैकी साधारण निम्म्या अशा फाडल्या जातात. परिणाम असा की चुकीचं प्रथिन बनण्याऐवजी पुष्कळदा प्रथिन कमीच पडतं.

कमी पडणाऱ्यांत एबीसीबी७ आणि टीएमईएम१४सी ही दोन आहेत, आणि इथे माझ्या निळ्या कड्या सुटतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात लोह येतं आणि तिथेच त्याचं हीम बनतं, हिमोग्लोबिनमधलं. टीएमईएम१४सी हीमसाठी लागणारा दुसरा कच्चा माल आत आणतं. एबीसीबी७ लोह-गंधकाच्या संयुगांशी निगडित माल बाहेर पोचवतं. आणणाराही तोकडा आणि नेणाराही. लोह मात्र येतच राहतं. ते मायटोकॉन्ड्रियात साचतं, आणि तांबड्या पेशीच्या त्या वयात मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाभोवती गोळा झालेले असतात. म्हणून कडी. प्रयोगशाळेत मानवी पेशींना ही दोन्ही प्रथिनं वरून पुरवली तेव्हा कड्या पडणं थांबलं. एकोणिसाव्या शतकातला रंग आणि एकविसाव्या शतकातलं जनुकवाचन एकाच काचेवर जुळलं की काय वाटतं, ते मला नीट लिहिता येणार नाही. त्या दिवशी डबा उशिरा खाल्ला, एवढं खरं.

जाता जाता एक गंमत. हाच बदल घातलेले उंदीर बनवले. त्यांना ॲनिमिया झाला, पेशीही मोठ्या झाल्या, पण कड्या पडल्या नाहीत. कारण फसवी ए-जी इंट्रॉनमध्ये, म्हणजे फापटपसाऱ्यात असते, आणि उंदराचा फापटपसारा आपल्यापेक्षा वेगळा आहे. कामाचा मजकूर कोट्यवधी वर्षं जपला गेला. कचरा ज्याचा त्याचा.

हे झालं हिमोग्लोबिन सात का, याचं उत्तर. पण विचारणाऱ्यांचा खरा घोर दुसऱ्या प्रश्नात असतो. कॅन्सर कसा?

आधी एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. एमडीएस हा स्वतःच कॅन्सरच्या घराण्यातला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणात तर त्याच्या नावातच अर्बुदवाचक शब्द आला आहे. लोक ज्याला ‘पुढे कॅन्सर होणं’ म्हणतात ते म्हणजे त्याचं अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात जाणं. तेव्हा मज्जेत कोवळ्या, काही न शिकलेल्या पेशींची गर्दी होते.

आता कोडं बघा. ज्या पेशीची पिलावळ मज्जेतच मरते, ती पेशी इतरांना मागे टाकून मज्जा कशी व्यापते? याचं कारण असं की मरतात त्या लेकी. आई, म्हणजे मूळ पेशी, मरत नाही. उलट तीच चुकीची काटछाट आईला काही सवलती मिळवून देते. एक उदाहरण पुरे. मिक नावाचं एक प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असं सांगत असतं. काम झालं की त्याच्यावरचा एक शिक्का पुसला जातो आणि ते मोडीत निघतं. तो शिक्का पुसणाऱ्या यंत्रातला पीपीपी२आर५ए हा भाग एसएफ३बी१च्या चुकीमुळे कमी पडतो. शिक्का राहतो, मिक राहतो, ‘वाढ’चा हुकूमही राहतो. बीआरडी९ नावाच्या एका राखणदार जनुकाचंही असंच होतं. तिथे तर इंट्रॉनमधला एक तुकडा एक्सॉन समजून आत घेतला जातो. त्याला संशोधक ‘विषारी एक्सॉन’ म्हणतात, कारण त्याच्या आत पूर्णविराम दडलेला असतो.

एसआरएसएफ२ची तऱ्हा वेगळी. तो कमी वाचत नाही, आवडीनिवडीने वाचतो. मूळचा एसआरएसएफ२ जी-जी आणि सी-सी दोन्ही वळणांच्या खुणांना सारखाच मान देई. पंच्याण्णवाव्या जागी प्रोलिन बदललं की तो सी-सीकडे झुकतो. त्या झुकण्यात ईझेडएच२ या जनुकात विषारी एक्सॉन शिरतो आणि ते प्रथिन घटतं. ईझेडएच२ काय करतं? पेशी एका वयाची झाली की आधीच्या वयाच्या पोथ्या बांधून माळ्यावर टाकतं. ते नसलं की पेशी मोठी होतच नाही, बालवाडीतच बसते. आणि ल्युकेमिया म्हणजे तेच, मज्जेची बालवाडी. गंमत अशी की काही पेशंटांत ईझेडएच२ थेटच मोडलेलं असतं, तिथे एसआरएसएफ२ बहुधा शाबूत असतो. दोन वाटा, मुक्काम एक.

यू२एएफ१च्या बदलात आयआरएके४ या प्रथिनाची लांब आवृत्ती बनू लागते. ती लांब आवृत्ती पेशीत सूज आणि तगून राहण्याची घंटा जोरात वाजवते. झेडआरएसआर२चं जनुक एक्स गुणसूत्रावर. पुरुषाकडे त्याची एकच प्रत, ती गेली की गेली, म्हणून तो दोष बहुतेक पुरुषांत दिसतो. त्यावर आणखी लिहिण्याचा मोह आवरते.

एवढ्यानेही लगेच ल्युकेमिया होत नाही. सत्तरीनंतर अशा बदलाची एखादी वसाहत रक्त ठीकठाक असलेल्या माणसातही सापडू शकते. धोका वाढलेला असतो, आजार नसतो. मग बरोबरीला आणखी काही येतं: आरयूएनएक्स१, आयडीएच२, एनआरएएस असल्या जनुकांतले बदल. आयडीएच२ आणि एसआरएसएफ२ एकत्र आले की काटछाटीचा गोंधळ आणखी वाढतो, हे २०१९ साली दाखवलं गेलं. एसएफ३बी१ एकटाच असेल तर आजार सहसा संथ चालतो, वर्षानुवर्षं. एसआरएसएफ२ किंवा यू२एएफ१ असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. आणि समजा, कुणी थेट ल्युकेमिया घेऊनच आला, आधीचा काही इतिहास नाही, पण त्याच्या पेशींत या चौघांपैकी कुणी बिघडलेला सापडला, तर तो ल्युकेमिया बहुधा आतल्या आत एमडीएसच्या वाटेनेच आलेला असतो, कुणाच्या लक्षात न येता. म्हणूनच २०२२च्या युरोपीय शिफारशींत असा ल्युकेमिया प्रतिकूल गटात टाकला आहे.

तोच के७००ई जर मज्जेच्या दुसऱ्या शाखेत, बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये पडला, तर क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया दिसतो, आणि तिथे त्याचं असणं वाईट लक्षण मानतात. एमडीएसमध्ये त्यातल्या त्यात सौम्य, इथे कडक. म्हणून मी फोनवर हात जोडून सांगते, जनुकाचं नाव गूगलमध्ये घालून रात्री दोनला वाचू नका. आजाराच्या नावाशिवाय जनुकाचं नाव म्हणजे गावाशिवाय आडनाव.

काटछाटीचा खेळ कॅन्सर उपचाराला चकवायलाही वापरतो. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभं राहिलेलं, २०२३ साली देशात मान्यता मिळालेलं कार-टी उपचाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नेक्सकार१९. त्यातला १९ म्हणजे सीडी१९, बी पेशीवरची पाटी. पेशंटच्या टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ही पाटी ओळखायला शिकवतात. २०१५ साली फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं की अशा उपचारानंतर परतलेल्या काही ल्युकेमियांत पेशी सीडी१९चा दुसरा एक्सॉन गाळूनच टाकतात. नेमका तोच भाग टी पेशी धरणार होत्या. पाटीवरचं नाव पुसलं, घर तिथेच.

“मग या चुकलेल्या काटछाटीवरच औषध का नाही?” हा पुढचा प्रश्न. प्रयत्न झाले आणि त्यांतला विचार फार देखणा आहे. प्रत्येक पेशीत एसएफ३बी१च्या दोन प्रती. आजारी पेशीत एक बिघडलेली, एक चांगली. दोन्ही बिघडलेली पेशी सापडत नाही, कारण ती जगूच शकत नाही. चौघांपैकी दोन एकाच पेशीत बिघडलेलेही क्वचितच आढळतात, कारण तोही भार पेशीला झेपत नाही. म्हणजे ही पेशी सतत काठावर उभी असते. मग संपूर्ण काटछाटच थोडी मंदावली, तर निरोगी पेशी तरतील आणि काठावरची पडेल. मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेल्या रेणूंवरून तशी औषधं बनवली. ई७१०७ नावाच्या पहिल्याच्या चाचण्यांत काही पेशंटांच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि ते थांबवावं लागलं. नंतरचं एच३बी-८८०० तोंडाने घ्यायचं. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत काहींची रक्ताची गरज कमी झाली, पण आजार मागे हटलेला एकही पेशंट निघाला नाही. कागदावर इतकं सुबक गणित आणि काचेवर शून्य, असं मी माझ्या धंद्यात पुष्कळ पाहिलंय. तरी हे जरा जास्त लागलं.

सध्या कडीवाल्या पेशंटांना जे उपयोगी पडतं ते लुस्पॅटरसेप्ट. अमेरिकेत २०२० साली या आजारासाठी मान्य झालं. २२९ पेशंटांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना सलग आठ आठवडे तरी रक्त चढवावं लागलं नाही. नुसती सलाईनची सुई घेणाऱ्यांत हेच प्रमाण १३ टक्के होतं. ते काटछाट दुरुस्त करत नाही. तांबड्या पेशींना मोठं होण्यापासून अडवणारे संदेश मधल्या मध्ये पकडतं. महाग आहे. न परवडणाऱ्यांना रक्ताच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह पुन्हा अंगात. मग ते लोह काढायची औषधं वेगळी.

मेकॅनिक काकांच्या लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. गोळ्यांची दोन पाकिटं शिल्लक होती. दुकानदार परत घेईना म्हणून ते चिडले होते, असं सूनबाईंनी सांगितलं. त्यांचा शेवटचा प्रश्न रिपोर्टातल्या एका आकड्याचा होता. एसएफ३बी१ के७००ई, ३८ टक्के.

“म्हणजे ३८ टक्के पेशी खराब. बासष्ट टक्के चांगल्या आहेत ना?”

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. तो आकडा पेशींचा नसतो, प्रतींचा असतो. मी त्यांना म्हटलं, प्रत्येक पेशीत दोन प्रती धरा, खराब पेशीत त्यांतली एकच खराब, आणि तुम्हीच करा हिशोब. फोनवर जरा वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे शहात्तर टक्के पेशी.”

“हो.”

“आणि त्या शहात्तरातही प्रत्येकीत एक प्रत चांगली.”

“हो.”

“हे बाबांना सांगते,” त्या म्हणाल्या. “त्यांना इंजिनाच्या भाषेत सांगावं लागेल.”